अर्ध्या तिकिटाचा यात्रेकरू

यात्रेची यादी करण्याचे काम माझ्याकडे प्रथम आले, तेव्हा आमच्या यात्रा समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला आकडा सांगितला : "फादर, एक्केचाळीस माणसे आणि एक पोरगा." मी तो तसाच वहीत उतरवून घेतला. माणसे किती आणि पोरे किती, असा वेगवेगळा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. त्यात काही वावगे आहे असे मला त्या दिवशी वाटले नाही. आज वाटते, आणि म्हणूनच हा लेख.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना वाद घालणे सोपे जाईल. आपल्या सामूहिक प्रवासांत, मग ती धर्मग्रामाची यात्रा असो, संघटनेची सहल असो वा एखाद्या प्रवासी कंपनीबरोबरचा परदेशदौरा असो, सर्वांत धाकट्या व्यक्तीला आपण एकतर हमाल समजतो किंवा सामान समजतो. या दोहोंपैकी कोणतीही वागणूक न्याय्य नाही. आणि जो समूह आपल्यातील धाकट्याला असा वागवतो, त्याने आपल्या प्रवासाला यात्रा हे नाव देऊ नये.

हे मी कोणा दुसऱ्याचा दोष दाखविण्यासाठी लिहीत नाही. दोष माझा आहे आणि तो आधी सांगितला पाहिजे.

२०१७ सालच्या मे महिन्यात आम्ही मूर्तिजापूरहून वेलंकणीच्या यात्रेला निघालो. वर्ध्याला गाडी बदलावयाची आणि तेथून चेन्नईची वाट धरावयाची, असा बेत होता. बेचाळिसावा जो 'पोरगा', तो अकरा वर्षांचा होता. आईवडिलांना कामावरून सुटी नव्हती म्हणून तो आजीबरोबर आला होता. रेल्वेच्या नियमाप्रमाणे पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालील मुलाला अर्धे भाडे पडते. परंतु एप्रिल २०१६ पासून अर्ध्या भाड्यात स्वतंत्र बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर भाडे पूर्ण भरावे लागते. आम्ही काटकसर केली. "लहान आहे, कोणाच्याही पायथ्याशी झोपेल," असे ठरले. ठरविणारा मीच होतो.

या काटकसरीचा परिणाम काय होतो, हे मला तेव्हा उमगले नव्हते. ज्याला बर्थ आहे तो गाडीत नसला तर त्याची जागा रिकामी दिसते आणि शेजारी विचारतो, "हे कोठे गेले ?" ज्याला बर्थच नाही, त्याच्या नसण्याने कोणतीही जागा रिकामी होत नाही. तो सर्वांबरोबर असतो, म्हणजेच कोणाहीबरोबर नसतो. आमची माणसे दोन डब्यांत विखुरलेली होती. या डब्यातल्यांना वाटे तो त्या डब्यात आहे. त्या डब्यातल्यांना वाटे तो आजीजवळ आहे. आणि आजी औषध घेऊन झोपल्या होत्या.

दक्षिणेतल्या एका जंक्शनावर रात्री गाडी थांबली. कोणीतरी त्याच्या हाती पाण्याच्या चार बाटल्या दिल्या. तो चटपटीत होता, नाही म्हणणारा नव्हता, आणि सकाळपासून प्रत्येक स्थानकावर पाणी तोच आणत होता. गाडी सुटली. आम्ही जपमाळेची शेवटची दशके म्हटली आणि दिवे मालवले.

पाऊण तासाने माझा मोबाईल वाजला. मुलाची आई मूर्तिजापुरातून बोलत होती. मुलाला आईचा क्रमांक तोंडपाठ होता. स्थानकावरच्या रेल्वे पोलिसांनी तिला फोन केला होता. माझ्या गाडीतला मुलगा माझ्या गाडीत नाही, ही बातमी मला जवळजवळ हजार किलोमीटरांवरच्या मूर्तिजापुरातून कळली. त्या माऊलीने मला एकही कठोर शब्द सुनावला नाही, आणि त्याची टोचणी आजही आहे. पुढच्या स्थानकावर आम्ही दोघे उतरलो, उलट्या दिशेची गाडी धरली आणि पहाटेच्या सुमारास त्या जंक्शनावर पोहोचलो. पोलिसांच्या खोलीत तो बाकावर बसला होता. शेजारी चारही बाटल्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या भरलेल्या.

मग आम्ही काय केले ? रागावलो. मी रागावलो, माझ्याबरोबरचे गृहस्थ रागावले, आणि पुढे वेलंकणीत मंडळी भेटली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने त्याची कानउघाडणी केली. इतरांबरोबर का राहत नाहीस, गाडीची शिटी ऐकू आली नाही का, आजीला किती घोर लावलास. पाणी आणावयास त्याला कोणी पाठविले होते, हा विषय निघालाच नाही.

सात वर्षांनी, २०२४ साली, बारावी झाल्यावर तो मुलगा बाप्तिस्म्याचा दाखला नेण्यासाठी माझ्याकडे आला. बोलता बोलता मीच त्या रात्रीची आठवण काढली. आपल्या वऱ्हाडी बोलीत तो हसून म्हणाला, "फादर, तुम्ही सगळ्यायनं मले 'कोठी गेल्ता' म्हणून रागावलं. 'भेव वाटलं का' असं कोणीच नाही इचारलं." त्याच्या मनात राग नव्हता. दाखला घेऊन तो गेला. मी मात्र त्यानंतर जुन्या याद्यांच्या वह्या काढल्या, आणि प्रत्येक यादीच्या तळाशी तोच मजकूर वाचला : इतकी माणसे 'आणि' एक मुलगा, 'आणि' एक मुलगी.

वाचकहो, असा प्रसंग शुभवर्तमानातही आहे, हे आपण जाणताच. संत लूक सांगतो की येशू बारा वर्षांचा असताना पवित्र कुटुंब वल्हांडण सणासाठी जेरुसलेमला गेले. परतताना मुलगा मागे राहिला. तो सोबत्यांच्या मेळ्यात असेल असे समजून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. या उताऱ्यावर मी प्रवचने दिली आहेत, आणि दर वेळी मुलाच्या उत्तरावर भर दिला आहे. आता मला त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. मरिया आणि योसेफ यांनाही मेळ्याने फसवले. 'कोणाबरोबर तरी असेल' हा समज तेव्हाही होता. परंतु मुलगा सापडल्यावर मातेने प्रथम त्याला प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिले. ते उत्तर त्यांना समजले नाही, तरीही तिने ते मनात जपून ठेवले. न समजलेले उत्तर जपून ठेवावे एवढी त्या बारा वर्षांच्या मुलाची किंमत तिच्या लेखी होती. आम्ही प्रश्न विचारण्याचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांसाठी लिहिलेल्या पत्रात याच प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने पाहिले आहे. आईवडिलांच्या विश्वासामुळे येशू त्या मेळ्यात मोकळेपणाने वावरत होता, लहानथोरांत मिसळत होता, असे ते सुचवितात. हेही खरे आहे. मुलाला दावणीला बांधून यात्रेला न्यावे, असे माझे म्हणणे नाही. मोकळे सोडणे वेगळे आणि विसरून जाणे वेगळे. मोकळे सोडलेल्या मुलाकडे कोणाचे तरी लक्ष असते.

येथे कोणी म्हणेल, हा लहान मुलांचा प्रश्न झाला. त्यासाठी एवढा लेख कशाला? तसे नाही. 'सर्वांत धाकटा' हा प्रत्येक समूहात कोणीतरी असतोच, आणि तो अकरा वर्षांचा असतो असेही नाही. आज आपल्या यात्रांना जाणारी मंडळी बहुतेक सेवानिवृत्त आहेत. ओल्ड गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी दहा वर्षांनी जाणारे गट घ्या, पवित्र भूमीच्या दौऱ्यावर जाणारे गट घ्या. त्यात पंचवीस वर्षांची एखादी नर्स किंवा तिशीतला एखादा शिक्षक हा सर्वांत धाकटा ठरतो. अशा गटांबरोबर मी गेलो आहे. विमानतळावरचे सगळ्यांचे फॉर्म ती मुलगी भरते. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कार्ड तीच घालून देते. आजोबांची बॅग, मावशींची पिशवी, फादरांचा मिस्सेचा पेटारा तिच्याकडे. खोली वाटताना ज्या खोलीत तिसरी खाट घालावयाची तेथे ती. बसमध्ये चाकावरची जागा तिची. प्रत्येक तीर्थस्थळी गटाचे छायाचित्र तीच काढते, आणि परतल्यावर आपण अल्बम पाहतो तेव्हा त्यात ती एकाही छायाचित्रात नसते. दौऱ्याचे पैसे मात्र तिने इतरांइतकेच भरलेले असतात.

मग आपणच वार्षिक सभेत उभे राहून विचारतो, "फादर, आजकालची तरुण मुले आपल्याबरोबर यात्रेला का येत नाहीत ?" त्यांना श्रद्धा राहिली नाही, त्यांना मोबाईल हवा, त्यांना मौजमजा हवी, असे निदान आपण करून मोकळे होतो. ती एकदा आली होती, आणि एकदाच आली, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. त्यांची बाजू कमकुवत आहे असे मी समजत नाही. ती बोलणारी माणसे माझ्या आदरस्थानी आहेत.

त्यांचा पहिला मुद्दा असा की सेवा हाच संस्कार आहे. तरुण अंगात बळ असते; वडीलधाऱ्यांची पिशवी उचलली तर काय बिघडले ? उलट त्यातूनच नम्रता येते. मी म्हणतो, अवश्य उचलावी. परंतु जी सेवा सर्वजण आळीपाळीने करतात ती सेवा, आणि जी एकट्या धाकट्यानेच करावी असे गृहीत धरलेले असते ती वेठ. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण अगदी साधी आहे : सेवा करणाऱ्याला 'नाही' म्हणता येते. अकरा वर्षांच्या त्या मुलाला सातव्यांदा पाणी आणावयास नाही म्हणता आले असते काय ? आणि नम्रतेचाच धडा द्यावयाचा असेल, तर तो आधी आपण गिरवू या. शेवटच्या भोजनाच्या रात्री, आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांचा वाद लागला, तेव्हा प्रभूने मोठ्याने धाकट्यासारखे व्हावे असे सांगितले. धाकट्याने अधिक राबावे असे त्याने सांगितले नाही.

हा धडा आपल्या मातीत ज्याने गिरवून दाखविला, त्याचे बालपण आमच्याच तालुक्यात गेले. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज, यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील लवकर वारल्यामुळे ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले आणि गुरे राखून, शेतात राबून मोठे झाले. पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. हजारो लोक ज्यांच्या कीर्तनाला बसत, ते बाबा गावात शिरले की खराटा स्वतः हाती घेत. पोरांच्या हाती खराटा देऊन स्वतः ओट्यावर बसलेले गाडगेबाबा कोणी पाहिलेले नाहीत. आपण मात्र यात्रेत नेमके उलटे करतो आणि वर त्याला संस्कार म्हणतो.

दुसरा मुद्दा : "आमच्या वेळीही असेच होते; आम्हीही बाटल्या भरल्या, त्यात आमचे काय वाईट झाले ?" या युक्तिवादावर मी फार शब्द खर्च करणार नाही. ज्यांचे वाईट झाले नाही ते आज समितीत बसलेले आहेत. ज्यांचे झाले ते येथे नाहीत. म्हणून त्यांचे मत आपल्याला कधी ऐकू येत नाही.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. कार्यक्रम ठरवताना धाकट्याला काय विचारावयाचे ? त्याला काय कळते ? याला सहाव्या शतकातील एका वृद्ध मठाधिपतीने उत्तर देऊन ठेवले आहे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा तिसरा अध्याय मठातील विचारविनिमयाविषयी आहे. महत्त्वाचा प्रश्न आला की मठाधिपतीने सर्वांना बोलवावे असे ते सांगतात, आणि कारण देतात की जे अधिक चांगले ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच दाखवून देतो. वयाचा मान राखण्यात बेनेडिक्ट यांच्याइतका काटेकोर माणूस विरळा. तरीही सल्ल्याच्या बैठकीतून त्यांनी धाकट्याला वगळले नाही. ज्यू लोकांच्या घरी वल्हांडणाच्या भोजनाला प्रश्न विचारण्याचा मान सर्वांत धाकट्याचाच असतो. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, हे त्याने विचारावे आणि वडिलांनी इजिप्तमधून सुटकेची कथा सांगावी. धाकटा बोलला नाही तर ती कथा सुरूच होत नाही. आपल्या मराठी परंपरेत तरी वेगळे काय आहे ? चार भावंडे आळंदीहून पैठणला गेली, तेथून नेवाशाला आली. त्यांत सर्वांत धाकटी मुक्ताबाई. आणि उद्विग्न होऊन झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना दार उघडावयास लावणारी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, तीच धाकटी बहीण. जिच्या बोलण्याने ज्ञानदेवांनी दार उघडले, ती 'लहान आहेस, गप्प बस' या आपल्या शिस्तीत बसली असती काय ?

आणि आकड्यांचाच प्रश्न असेल, तर पाच भाकरींचा चमत्कार आठवावा. जेवणाऱ्यांची मोजदाद करताना संत मत्तय स्त्रिया व मुले सोडून पाच हजार पुरुष असा आकडा देतो. मात्र त्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या कोणाजवळ होत्या, हे संत योहान सांगतो : एका मुलाजवळ. ज्याला मोजले नाही, त्याच्याच शिदोरीवर सर्वजण जेवले.

चौथा आणि शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. "फादर, धाकट्याच्या कलाने घेऊ लागलो तर कार्यक्रम कोलमडेल. एका दिवसात पाच स्थळे करावयाची असतात." पाच स्थळे कोणासाठी करावयाची असतात, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि एसाव या भावांची वर्षांनंतर भेट होते. एसाव म्हणतो, चला, बरोबर निघू. याकोब नम्रपणे नकार देतो : मुले कोवळी आहेत, मी मुलांच्या चालीने हळूहळू येईन. एवढे मोठे कुटुंब आणि गुराढोरांचे एवढे खिल्लार घेऊन निघालेल्या त्या माणसाने चाल ठरवताना मुलांकडे पाहिले. आम्हा मूर्तिजापूरकरांना या चालीचे नवल वाटू नये. आमची शकुंतला आठवा. येथून अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर, आणि दुसरीकडे यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर धावणारी ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले, तरी तिची चाल बदलली नाही. आज ती धावत नाही. परंतु त्या गाडीत गार्ड स्वतः उतरून तिकिटे देई आणि सगळे चढले याची खात्री झाल्यावर हिरवा बावटा दाखवी. जलद गाडीत आपण चढलो आणि ती खात्री करणारा माणूस खाली राहिला. आता ते काम आपल्यापैकी कोणीतरी केले पाहिजे.

येथवर मी न्यायाची भाषा बोललो. आता दुसरे एक कारण सांगतो, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे आहे.

आपल्या महाराष्ट्रात धाकटेपणी यात्रा घडलेली एक मुलगी होऊन गेली. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात ती जन्मली. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करलेले. मुलगी सहा महिन्यांची झाली तोच कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघाले, आणि तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणण्यात आले. आईवडील, थोरली बहीण, भाऊ आणि ही सर्वांत धाकटी, असा तो लहानसा मेळा वर्षानुवर्षे या तीर्थाहून त्या तीर्थाला चालत राहिला. देवळात पुराण सांगावे, मिळेल त्यावर राहावे. चालता चालता, भल्या पहाटे उठवून, आईने या धाकटीला संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. उरलेली दोन भावंडे पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, आणि तेथील पंडितांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्या मेळ्यातली एकटी रमाबाई उरली.

तो मेळा, त्यातली भूक, आईची पहाटेची शिकवणी, वडिलांचे शेवटचे शब्द, हे सारे आज आपल्याला ठाऊक आहे ते त्या धाकटीमुळे. १९०७ साली तिने आपली साक्ष लिहिली. इतरांच्या तोंडून एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेले नाही. आणि ती आठवण नुसती लिहिण्यापुरती राहिली नाही. १८९६–९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई तिकडे धावून गेल्या, आणि उपाशी मरू घातलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. स्वतःच्या बालपणीचा दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. धाकटेपणी यात्रेत जे भोगले, त्यातले चांगले आणि वाईट दोन्ही त्यांनी जन्मभर वाहिले, आणि त्यातून इतरांसाठी वाट काढली.

प्रत्येक मेळ्यात जो सर्वांत धाकटा असतो, तोच त्या मेळ्याचा शेवटचा साक्षीदार ठरण्याचा संभव असतो. आपण बेचाळीस जण वेलंकणीला गेलो होतो. पन्नास वर्षांनी त्या यात्रेविषयी सांगणारा कदाचित एकच जण उरेल. आपण किती नोव्हेना केल्या, किती मेणबत्त्या लावल्या, हे तो सांगेल की नाही ते मला ठाऊक नाही. फलाटावरच्या चार बाटल्या मात्र तो नक्की सांगेल. आपल्या श्रद्धेविषयी पुढच्या पिढीला काय कळावयाचे, हे आपल्या प्रवचनांपेक्षा या साक्षीवर अधिक अवलंबून आहे. रमाबाईंच्या आईने त्या मुलीला शिकविले होते. म्हणून एवढ्या दुःखातून गेलेली ती साक्षसुद्धा आईविषयी कृतज्ञतेने बोलते. आपण आपल्या साक्षीदाराच्या हाती काय देत आहोत ?

म्हणून यात्रा समित्यांकडे माझ्या काही मागण्या आहेत. त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. यादीत सर्वांत धाकट्याचे नाव पूर्ण लिहावे आणि ते पहिले लिहावे. 'आणि एक मुलगा' ही नोंद बंद करावी. अर्ध्या तिकिटाची काटकसर करू नये. ज्याला बसावयास जागा आहे त्याला झोपावयासही हक्काची जागा हवी. भाड्यातला फरक गरिबाच्या मुलासाठी समितीने भरावा. प्रत्येक अल्पवयीन यात्रेकरूमागे दोन प्रौढ व्यक्ती नेमून द्याव्यात, त्याही वेगवेगळ्या कुटुंबांतल्या, आणि त्या कोण हे त्या मुलाला व त्याच्या पालकांना ठाऊक असावे. कोणत्याही मुलाला एकट्याने एका प्रौढाबरोबर खोलीत ठेवू नये. हा नियम आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे, आणि तो पाळताना कोणी मानापमान आणू नये. गाडी सुटण्यापूर्वी डोकी न मोजता नावे घ्यावीत. डोकी मोजताना दोनदा मोजले जाते आणि चूक झाकली जाते. नाव घेतले की उत्तर यावे लागते. मुलाच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मुलांसाठीची १०९८ आणि रेल्वेची १३९ ही मदतीची दूरध्वनी सेवा त्याला पाठ असावी. सामान, पाणी आणि छायाचित्रे यांच्या पाळ्या लावाव्यात, आणि त्या पाळीत फादरांचेही नाव असावे. कार्यक्रमातला किमान एक प्रहर कोठे घालवावयाचा हे धाकट्याला ठरवू द्यावे. त्याने समुद्रावर जाऊ म्हटले तर समुद्रावर जावे. समुद्रही देवाचाच आहे. आणि परतल्यावर आभाराच्या मिस्सेनंतर जे चार शब्द बोलावयाचे असतात, ते बोलण्याची पहिली संधी त्याला द्यावी.

धाकट्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते, नाहीतर लेख एकांगी होईल. पुनरुत्थानाच्या पहाटे पेत्र आणि दुसरा शिष्य कबरेकडे धावले. तो दुसरा शिष्य म्हणजे योहान, आणि बारा जणांत तोच सर्वांत धाकटा, असे परंपरा मानते. तो वेगाने धावून पुढे गेला, कबरेशी आधी पोहोचला. परंतु आत शिरला नाही, पेत्रासाठी थांबला. तुमच्या पायांत बळ आहे. तुम्ही पुढे पोहोचाल. पोहोचल्यावर मागच्यांसाठी थांबा. मात्र थांबणे वेगळे आणि मागे सोडले जाणे वेगळे, हे आम्ही विसरलो तर आम्हाला स्पष्ट सांगा. आम्हाला राग येईल. तरीही सांगा.

येत्या मे महिन्यात आमची यात्रा पुन्हा निघणार आहे. त्या मुलाला मी निरोप पाठविला आहे. आता तो पूर्ण तिकिटाचा आहे, आणि यादीत सर्वांत धाकटा तो असणार नाही. या वेळी सात वर्षांची एक मुलगी आहे. तिच्यासाठी नेमावयाच्या दोन व्यक्तींपैकी एक तू होशील का, असे मी त्याला विचारले आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. परीक्षेचे पाहून सांगतो म्हणाला. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो नाही म्हणाला तरी मी रागावणार नाही. मुलीसाठी पूर्ण भाडे भरून स्वतंत्र बर्थ घ्यावयाचा हे ठरले आहे, आणि वहीच्या पहिल्या ओळीवर तिचे नाव लिहून झाले आहे.